तांबडीची दुपारची आंघोळ

"या उन्हात माणसाचा जीव राहीना, अन् तू कोंबडी अंड्यांवर बसवतेस?" सासूनं कमरेवर हात ठेवले.

"मी कुठं बसवते, आत्याबाई? ती आपली आपण बसलीय," सून म्हणाली.

खोटं नव्हतं. तांबडी खुडूक झाली होती. खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसायची आणि जवळ येईल त्याला फाडकन चोच मारायची. सासूचा कायदा ठरलेला: भर उन्हाळ्यात अंडी आतल्या आत सुकतात, पिल्लं काही निघत नाहीत. म्हणून खुडूक कोंबडी पाण्यात बुचकळावी, अंगातली ऊब उतरवावी आणि पुन्हा अंडी द्यायला लावावी. तीस वर्षं खुराड्यात तिचाच शब्द चालत आला होता.

"बारा अंड्यांतून एक जरी पिल्लू निघालं, तर खुराडं तुझं! मी आत डोकावणारसुद्धा नाही!" सासूनं ठणकावलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी सासू खुराड्याभोवती घिरट्या घालू लागली. कोंबड्या गेल्या तर दिवसभर बोलायचं कुणाशी? नवऱ्याशी ती जन्मात एवढं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून आडवी झाल्यावर सासू चोरपावलांनी खुराड्यात शिरली. तांबडीला बखोटीला मारलं आणि बादलीत बुचकळलं.

"ओरडू नको गं सटवे! घर जागं करशील!"

तांबडीनं पंख झाडून सासूलाच आंघोळ घातली आणि निथळत्या अंगानं तडक अंड्यांवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कोण जास्त हट्टी, याचीच जणू पैज लागली. सासूच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या.

"हाताला काय झालं?" सासऱ्यानं विचारलं.

"काटा लागला."

"दहा बोटांना? आणि लुगडं कशानं भिजलं?"

"घाम!" सासू खेकसली. सून भाकऱ्या थापत राहिली.

तांबडी अंड्यांवर बसल्याच्या एकविसाव्या दिवशी सकाळी सून अंगणातून ओरडली, "आत्याबाई, या लवकर!" तांबडीच्या पोटाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग सगळ्या खुराड्यात नुसती चिवचिव. मोजली तर अकरा!

सासू मटकन पालथ्या बादलीवर बसली. "अगं, पण मी तर रोज..." आणि तिनं जीभ चावली.

"रोज बुचकळत होता. ठाऊक आहे. दाराच्या फटीतून बघायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? माझी आई म्हणायची, उन्हाळ्यात अंड्यांना रोज थोडी ओल मिळाली तर ती सुकत नाहीत. तांबडी मला हात लावू देईना. तुम्ही आयतंच काम करत होता!"

सासू आधी लाल झाली, मग तिच्या पोटातून हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते काही नुसतं हसण्याचं नव्हतं. तिनं सुनेचा हात खुराड्याच्या कडीवर ठेवला. "घे बाई. तुझं झालं."

"माझंच," सून म्हणाली. "पण काळी कोंबडीही आजपासून खुडूक बसलीय. तिला कोण भिजवणार? माझ्यानं नाही होणार."

सासू उठली, पदर खोचला आणि बादली सरळ केली.

"आधी माझ्या बोटांना चिंध्या बांध," ती म्हणाली. "काळी तांबडीपेक्षा खाष्ट आहे."