काँटेसाची उलटी वरात

दात काढण्यात डॉक्टर जिनेश आवटीचा हात धरणारं कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी नव्हतं. पेशंट अजून "दुखणार न्हाय न्हवं?" म्हणत असायचा, तोवर दाढ ट्रेमध्ये वाजलेली असायची. पण माणूस एका कामात तरबेज झाला की आपण सगळ्यातच तरबेज आहोत असं त्याला वाटायला लागतं. जिनेशला हे वाटायला शेहेचाळीस वर्षं लागली, आणि वाटलं ते नेमकं मुरगूडमधल्या एका गोठ्यात.

एका पेशंटच्या घरी वास्तुशांतीला गेलता. जेवण झाल्यावर हात धुवायला मागं गेला, तर गोठ्यात वैरणीच्या पेंढ्यांखाली एक पांढरी काँटेसा उभी. लहानपणी ही गाडी दिसली की आतून कुणीतरी मोठा माणूस उतरायचा. कारखान्याचा चेअरमन नाहीतर मंत्री. आता आतून एक कोंबडी उतरली. जिनेशनं दार उघडायला मूठ धरली, तर ती मूठच हातात आली. दुसऱ्या कुणी ती तिथंच ठेवून काढता पाय घेतला असता. पण जिनेश पडला दातांचा डॉक्टर. हातात काही उपटून आलं की त्याला काम झाल्यासारखं वाटतं.

"द्यायची हाय का?" त्यानं विचारलं.

घरधन्यानं हसू दाबत मान डोलावली. हे हसू कशाचं, ते जिनेशला पुढं आठ महिने कळत गेलं.

गाडी टेम्पोवर लादून दारात आली तेव्हा बायको, त्रिशला, दवाखान्याच्या काउंटरवरून उठून बाहेर आली. दवाखाना घराच्याच खालच्या मजल्यावर होता आणि तिथला सगळा कारभार तीच बघायची.

"कुणाची?"

"आपली."

"एक दिवा कुठाय?"

"येईल की."

त्रिशलानं काचेतून आत डोकावलं. "आणि कोंबडी? तीपण आपलीच?"

कोंबडी वैरणीबरोबर चढून आली होती. ती त्याच टेम्पोनं मुरगूडला परत गेली. गाडीलाही तशीच परत जायची संधी होती, पण तिच्या नशिबात जिनेश होता.

गाडी मेकॅनिककडं द्यावी असं घरात सगळ्यांचंच मत पडलं. जिनेशनं ते उडवून लावलं. त्याचा एक सिद्धांत होता आणि तो त्यानं जेवणाच्या ताटावर समजावून सांगितला. गाडी म्हणजे तोंडच. किडलेलं असेल ते कोरायचं, हलत असेल ते काढायचं, मोकळ्या जागी नवीन बसवायचं. वीस वर्षं दुसरं काय केलं आपण?

"पेशंट तुम्हाला कुठं दुखतंय ते सांगतो," त्रिशला म्हणाली. "ही सांगणार हाय का?"

"म्हणून तर घेतली," जिनेश म्हणाला, आणि हे मात्र तो मनापासून बोलला होता. वीस वर्षं जो येतोय तो कण्हत येतोय, आणि खुर्चीत बसल्याबरोबर दाराकडं बघतोय. आपल्याला बघून ज्याच्या पोटात गोळा येत नाही असं एखादं गिऱ्हाईक असावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग दर रविवारी पोर्चमध्ये ऑपरेशन सुरू झालं. शेजारचे सयाजीराव इंगवले खुर्ची टाकून बसायचे. दूध संघातनं रिटायर झालेला माणूस. गाडीतलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण तेवढ्यानं बोलायचं अडणारा माणूस कोल्हापुरात जन्माला यायचा आहे.

"डॉक्टर, बत्तीस तर कवाच झालं. आजून किती काढनार?"

जिनेश काढतच होता. काढायला त्याला फार सोपं जायचं. तोंडात घालून दाढा बघायचा छोटा आरसा घेऊन तो इंजिनच्या मागं लपलेले बोल्ट हुडकायचा, आणि सापडला की गाडीलाच "आ करा" म्हणायचा. प्रत्येक नट कवळीच्या डबीत घालून वर चिठ्ठी चिकटवली होती. पुढं रॉकेल सांडलं आणि चिठ्ठ्या सगळ्या सुटून एका ठिकाणी गोळा झाल्या. त्यानंतर कुठला नट कुठला, हे जिनेश सरळ अंदाजानं ठरवायचा. बहुतेक नट बसलेही. जे बसले नाहीत ते जास्तीचे असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

नुसती दुरुस्ती करून तो थांबला असता तर निभावलं असतं. पण इंटरनेटवर काँटेसावाल्यांचा एक ग्रुप त्याला सापडला आणि मग गाडी नुसती चालून भागेना. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक पाहिजेत. जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन पाहिजे. पॉवर स्टिअरिंग तर पाहिजेच. भंगारातनं एक पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. ऑइल चेंबरचं पॅकिंग मिळेना, तेव्हा त्यानं दवाखान्यातलं दाताचं माप घ्यायचं गुलाबी मटेरियल कालवून तेच पॅकिंग म्हणून दाबलं. इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी सगळ्या गल्लीत पुदिन्याचा वास सुटला आणि खाली ऑइलचं तळं साचलं. सयाजीरावांनी नाक वर करून हुंगलं. "कोन चटनी वाटतंय काय?"

गिअरबॉक्सवर मात्र त्याचा जीव होता. वरचं झाकण उघडून त्यानं आतले दाते पुसले, सील बदललं, झाकण परत बसवलं. दात्यांचं काम म्हटल्यावर त्याला घरच्यासारखंच वाटलं. मग मागची चाकं जॅकवर उचलून, गिअर टाकून तो आतून ओरडला, "त्रिशला, फिरतायत का चाकं?"

"फिरतायत की!" ती ओरडली.

झालं. जिनेशनं त्याच दिवशी जयसिंगपूरला आक्काला फोन लावला.

आक्का ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच त्याला वाढवलं, त्यामुळं अजूनही तिच्यासमोर तो खिशातले हात काढून उभा राहायचा. कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला तुला काँटेसातनं नेतो, असा त्यानं शब्द दिला होता. आक्का आदल्या दिवशीच येऊन राहिली. सकाळी नवी साडी नेसून, मांडीवर श्रीफळ घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. सयाजीरावांनी हार आणलेला. गल्लीतली दहा-बारा डोकी गोळा झाली. त्रिशला फाटकापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. ती म्हणाली, "मी रस्त्यावर बसते आत. आधी बाहेर तर काढा."

गाडीचं तोंड घराकडं होतं. जिनेशनं रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, आणि काँटेसा लोण्यासारखी सरकत फाटकाबाहेर आली. टाळ्या पडल्या. पॉवर स्टिअरिंग रेडकासारखं हंबरलं, पण वळलं. जिनेशनं आरशात आपला चेहरा बघितला. त्याला तो चेअरमनसारखा वाटला.

मग त्यानं पहिला गिअर टाकला. गाडी मागं गेली.

त्यानं ब्रेक दाबला, लिव्हर हलवून बघितला, परत टाकला. गाडी परत मागं. दुसरा टाकला, मागं. पाचवा टाकला. ग्रुपवाल्यांनी ज्या पाचव्याचं एवढं गुणगान केलं होतं, तोही मागंच.

"फिरतायत म्हणालीस की!" तो खिडकीतनं त्रिशलावर ओरडला.

"फिरतच होती," ती शांतपणे म्हणाली. "कुठल्या अंगानं, ते तुम्ही विचारलं कुठं?"

फाटकात परत जायचं तर गाडी पुढं जायला पाहिजे, आणि ती काही पुढं जाणार नव्हती. क्लच दाबून ढकलावी म्हटलं तर फाटकाचा चढ चढेना. मागं दुधाची गाडी येऊन हॉर्न मारायला लागली. एकच वाट होती. सगळा चौक मागच्या मागं फिरून यायचं आणि रिव्हर्समध्येच दारात शिरायचं.

"काळजी करू नका डॉक्टर, मी हाय!" म्हणत सयाजीराव गाडीच्या मागं, म्हणजे आता पुढं, जाऊन दोन्ही हात हलवायला लागले. गाडीसाठी आणलेला हार त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला होता. "येऊ द्या! येऊ द्या!"

अशी वरात निघाली. जिनेशची मान पिळलेली, एक हात सीटच्या पाठीवर, कपाळावर घाम. कोपऱ्यावर एक मोटारसायकलवाला थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ पावणं! तोंड तिकडं हाय!"

"ठाऊक हाय!" जिनेश ओरडला.

"मग तिकडं जावा की!"

भाजीवाल्यांपाशी गाडी अडकली. टोपल्या उचलणं, हातगाडे सरकवणं सुरू झालं. प्रत्येक टोपलीमागं एक सल्ला आणि प्रत्येक सल्ल्यामागं हशा. गर्दीतनं ओळखीचा आवाज आला. बघतो तर गाल सुजलेला एक पेशंट. कालच याची दाढ अर्धी कोरून ठेवली होती आणि "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणून त्याला घरी धाडलं होतं.

"डॉक्टर, माजं राह्यलेलं रूट कॅनल बी ह्याच बाजूनं करनार काय?"

सगळी मंडई हसली. जिनेशचे कान तापले. किल्ली काढावी, गाडी इथंच सोडावी आणि तडक सांगलीला जाऊन नवा दवाखाना टाकावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मागून गुदगुल्या केल्यासारखा आवाज आला. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिचं श्रीफळ सीटखाली गडगडलं.

"जिनू," ती डोळे पुसत म्हणाली, "लहानपणी तुला चालायला शिकवलं तवा तू आधी असाच मागं रांगायचास बघ. भिंतीला ढुंगण आपटलं की रडायचास."

"आक्का, आता नको."

"बरं, न्हाय सांगत." आणि तिनं काय करावं? चपला काढून सीटवर गुडघे टेकले, मागच्या काचेकडं तोंड करून बसली आणि हुकूम सोडायला लागली. "डावीकडं घे. अजून घे. म्हशीला जाऊ दे. आता सरळ." मधल्या वेळात तिचा णमोकार मंत्र चालू होता. काचेतनं टाकाळ्याकडचा चढ दिसला तसा तो जरा मोठ्यानं झाला.

तेव्हा जिनेशचं काहीतरी सैल झालं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या भोवती एवढी माणसं एकदम तोंड उघडून उभी होती आणि एकाच्याही तोंडावर भीती नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं खिडकीतनं हात बाहेर काढला आणि मंत्री करतात तसा हलवला. मंडईनं त्याला उलटा नमस्कार केला. भेंडीवालीनं तर मूठभर भेंडी बोनेटवर टाकली. अक्षता म्हणून.

चौक फिरून गाडी दारात यायला बराच वेळ गेला, पण आली. फाटकात शिरताना एक कुंडी तेवढी फुटली. त्रिशलानं कुंडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि आक्कासाठी स्टँडपर्यंत रिक्षा बोलवली. बाहुबलीला आक्का त्या दिवशी एसटीनं गेली आणि एसटीत शेजारी बसलेल्या बाईला तिनं सगळी हकिकत सांगितली. ती बाई जिनेशची पेशंट निघाली.

आठवडाभर त्याची मान डावीकडं वळलेलीच राहिली. पेशंटच्या तोंडात बघायचं तर त्याला खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागे. पण एक नवल झालं. खुर्चीत बसणारा आता दाराकडं बघायचा नाही. डॉक्टरच्या मानेकडं बघून फिसकन हसायचा, आणि तेवढ्यात इंजेक्शन देऊन व्हायचं.

पुढच्या रविवारी त्यानं दोन सीटांमधला पत्रा उघडून गिअरबॉक्सचं झाकण परत काढलं. या वेळी त्रिशला बॅटरी धरून शेजारी बसली. आत गिअर सरकवणारे काटे असतात. त्यातला रिव्हर्सचा काटा आत ढकललेलाच राहिला होता आणि बाकीचे दोन आपापल्या खाचेत बसलेच नव्हते. झाकण नुसतं वरनं आवळलं होतं.

"हे असंच असतंय काय?" तिनं विचारलं.

"न्हाय," जिनेश म्हणाला. एखाद्यानं दुखणारी सोडून शेजारची दाढ काढावी आणि वर पेशंटला पेढे वाटायला लावावेत, तसं झालं होतं. हे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं केलं असतं तर जिनेशनं कॉन्फरन्समध्ये नाव न घेता त्याचा किस्सा सांगितला असता.

काटे खाचेत बसवताना झाकण तीनदा उचलावं लागलं. तिसऱ्या वेळी त्रिशलानंच बोटानं मधला काटा सरळ धरला आणि झाकण 'टक' करून बसलं. चाकं जॅकवर फिरली तेव्हा ती न विचारता म्हणाली, "पुढं."

आता काँटेसा चालते. ऑइल अजून गळतं. म्हणून जिथं उभी राहील तिथं तिच्या पोटाखाली जिनेश दवाखान्यातला एक ट्रे सरकवतो. चौथा गिअर मनात आलं तर पडतो. पॉवर स्टिअरिंग हंबरलं की रस्त्याकडेच्या म्हशी मान वर करून उत्तर देतात.

दिवाळीनंतर दोघं कागलच्या बाजूला हायवेवर गेले. वाटेत उसाचा रस प्यायला थांबले. परत निघताना त्रिशला चालवायच्या बाजूनं जाऊन बसली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. शेजारच्या सीटवर बसलेला जिनेश प्रत्येक ट्रकला ब्रेक असल्यासारखा पायानं मोकळा पत्रा दाबत होता. गाडी थांबत नव्हती, पण त्याला बरं वाटत होतं.

"चौथा पडत न्हाय लवकर," तो म्हणाला. "जरा लाडानं घे. थोडं डावीकडं दाबून, मग..."

त्रिशलानं क्लच दाबला. लिव्हर एका बोटानं ढकलला. चौथा पडला. मग पाचवाही पडला. काँटेसा उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत निघाली, आणि जिनेशनं हळूच पत्र्यावरचा पाय काढून घेतला.