डाव्या टोकाचा लाल डाग

खड्डे मागच्या बंपरच्या डाव्या टोकालाच का, हे मला कळत नव्हतं.

बाबांची फियाट १९६८ सालची. बंपरवरचा क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ. त्याखाली निकेल, त्याखाली लोखंड. वरच्या थराला बारीक छिद्रं असतातच. त्यांतून ओल आणि क्षार आत शिरले की लोखंड गंजतं आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर एवढं तरी मला माहीत आहे. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी मीच सांभाळते. होळीनंतर आणि दिवाळीआधी धुते, कोरडी करते, मेण लावते. पुढचा बंपर अजून आरशासारखा आहे. मागचाही, ते एक टोक सोडून.

धुराची नळी उजवीकडे आहे. भिंतीची ओल सगळीकडे सारखी. मग डावीकडेच काय आहे?

आठ दिवसांनी माझ्या भावाच्या, अतुलच्या मुलीचं लग्न होतं. समिधाला सासरी जाताना आजोबांच्याच गाडीतून जायचं होतं. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अधारतालहून अनुपमला बोलावलं. तो क्रोम चढवून देतो. त्याने बंपरवरून अंगठा फिरवला.

"दीदी, ये ऊपर-ऊपर से नहीं जाएगा. पूरा तेजाब में डालूंगा, घिसूंगा, फिर नया चढ़ेगा. कल सुबह खोल के ले जाता हूं."

"काही न्यायचं नाही," आई दारातून म्हणाली.

"काहून गं?"

"नाही म्हटलं ना."

फोनवर अतुल ओरडला, "ताई, आई असं काहून करून राहिली? बंपर आहे तो, पाटल्या नाहीत!"

आईला ते ऐकू गेलं. "त्याला सांग, बंपर गेला तर मी लग्नाला येणार नाही."

ती तशी हट्टी नाही. आता एक्याऐंशी वर्षांची आहे, पण ती कधी कशासाठी अडून बसल्याचं मला आठवत नाही. लग्नाला येणार नाही म्हणाली म्हणजे येणार नाही, एवढंच मला समजलं. का, ते समजलं नाही.

तेजाबाशिवाय, म्हणजे ॲसिडात न बुडवता काही जमतंय का, ते पाहायला मी संध्याकाळी दिवा घेऊन गाडीमागे बसले. यंदा लग्नाच्या गडबडीत दिवाळीची धुलाई राहिली होती. डाव्या टोकावर नेहमीचा लालसर डाग होता. दरवर्षी तो मी गंज समजून घासून काढत आले. या वेळी लिंबाच्या रसात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर ठेवला. लिंबाने गंज सैल होतो.

डाग पिवळा झाला.

मी बोळ्याकडे बघत राहिले. गंज पिवळा होत नाही. लिंबाने पिवळं होतं ते हळदीला चुना लावून केलेलं कुंकू. हा प्रयोग मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना करून दाखवायची.

मग पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाने हलक्या हाताने घासलं आणि भिंग लावलं. खड्डे विखुरलेले नव्हते. ते रेषांत होते. काटकोनात वळणाऱ्या रेषा, मधे चार ठिपके. एकावर एक काढलेली कितीतरी स्वस्तिकं, दरवेळी थोडी सरकलेली. सगळ्यात वरचं, फिकट पिवळं, फार वाकडं होतं.

पण आपल्या घरी गाडीला कुंकू लावतं कोण? बाबा होते तेव्हा खंडेनवमीला आई लावायची. ते गेल्यावर तिने तो मान शेजारच्या पुष्पाकाकूंना दिला. त्या पुढच्या बंपरला लावतात, आणि दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्याने पुसते.

आई मागे येऊन उभी होती.

"तू लावतेस?"

"खंडेनवमीच्या दुपारी. तू झोपलेली असली की." ती भिंतीला धरून उभी होती. "मागं कोण पाहतं?"

"मग पुढेच का नाही लावलंस?"

"पुढं सवाष्णी लावतात. आणि तू दुसऱ्याच दिवशी पुसून टाकतेस. मला नाही पाहवत ते. आणि हा माणूस तर सगळंच घासायला निघाला."

"कालवतेस कशात?"

"नारळाच्या पाण्यात. फोडलेल्याचं वाटीत उरतं ना."

नारळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, क्रोमखालचं लोखंड खाणारं. आईशी बोलताना क्लोराइडच आठवावं, याची मला लाज वाटली, तरी तेच आठवत राहिलं.

सकाळी अनुपम पाना घेऊन आला. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

"ऐसे ही जाएगी दुल्हन?" त्याला पटलं नाही.

अतुललाही पटलं नाही. "खड्डे दिसतील ना, ताई!"

"दिसतील. वाढणार नाहीत."

खड्ड्यांतला गंज बारीक ब्रशने काढला, बंपर धुतला आणि उन्हात पूर्ण वाळू दिला. आई खुर्ची टाकून बसली होती.

"समिधा निघेल तेव्हा गाडीला कुंकू तू लाव," मी म्हटलं. "पुढच्या बंपरला."

"लोक?"

मी मेणाचा डबा उघडला. "नारळाचं पाणी घेऊ नकोस. साधं घे."

"आणि दुसऱ्या दिवशी तू पुसशील."

ओलं कुंकू क्रोमवर राहू द्यायचं नसतं. हे मी कुणालाही सांगितलं असतं.

"नाही पुसणार," मी म्हटलं. "त्याच्या खाली आधी मेणाचे दोन हात देते."

"चार दे," आई म्हणाली.