आईसाठी आणलेलं कासव

आई-वडील गावाकडे आणि मुलगा कामाच्या गावी, ही गोष्ट आता आपल्याकडे घरोघरची झाली आहे. त्यात दोघांपैकी एकजण गेलं, की मागं राहिलेल्याचं कसं करायचं, हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. सत्यजितच्या दारातही तो उभा होता.

सत्यजित कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्स विभागात सुपरवायझर होता. तिथंच दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको नीलम राहत. आई, झुंबरबाई, वरवंडला मळ्यातल्या घरात एकटी. शेजारीच चुलतभाऊ बन्सीचं घर. शेतीही तोच वाट्यानं करायचा. वडील वारल्यावर सत्यजितनं आईला फ्लॅटवर आणून पाहिलं. आठवडाभर ती गॅलरीत बसून खालची वाहनं बघत राहिली आणि मग म्हणाली, "मला गावाला सोड बाबा. हितं माझं हात नुसतं मांडीवर पडून ऱ्हात्यात."

मग त्यानं गावाकडेच आईची सोय लावली. दोन गाया होत्या, त्या विकल्या. "आता धारा काढायचं वय आहे का तुझं?" असं त्यानं विचारलं तेव्हा झुंबरबाई काही बोलल्या नाहीत. ओट्यावर नळ आला, दुसरा गॅस आला, भिंतीला मोठा टीव्ही आला. आईच्या वाट्याला आता काही कष्ट उरले नाहीत, याचं सत्यजितला समाधान होतं आणि ते खोटंही नव्हतं. आईवर त्याचा जीव होता.

उरला होता फक्त खंड्या. वडिलांनी पिलू असताना आणलेला कुत्रा. म्हातारा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, पण झुंबरबाईंच्या पायाच्या आवाजावर घरभर फिरायचा. दिवाळी झाली आणि एका सकाळी तो उठलाच नाही. बन्सीनं बांधाच्या कडेला खड्डा घेतला.

त्यानंतर पंधरवड्यात बन्सीचा फोन आला. "सत्या, काकी न्हाणीपाशी चक्कर येऊन पडल्या. लागलं न्हाई फार. पर घरात बघतो तर चूल थंड, गॅस थंड. चहा आन् बिस्किटावर दिवस काढत्यात बघ."

सत्यजित रजा टाकून गेला, आईला सलाईन लावून आणलं, रागावला, समजूत काढली. परत येताना मात्र त्याच्या मनात एकच विचार घोळत होता. आईला सोबत हवी. पण पुन्हा कुत्रं आणलं तर त्याचं खाणं-पिणं, इंजेक्शनं, आजारपण. आणि ते दहा-बारा वर्षांत गेलं की पुन्हा हेच. असं काहीतरी हवं की ज्याला फार करावं लागणार नाही आणि जे लवकर मरणार नाही. यंत्र निवडताना तो जसा विचार करायचा, तसाच अगदी.

कॅन्टीनमध्ये त्यानं हे पप्पूला सांगितलं. पप्पू त्याच्याच शिफ्टमधला, सगळीकडं ओळखी असलेला माणूस.

"अरे, मग कासव घे की," पप्पू म्हणाला. "भुंकत न्हाई, केस गळत न्हाईत. भाजीपाला टाकला की झालं. आन् मरायचं नाव न्हाई. तुझी आई जाईल, तू जाशील, ते हायेच. त्यातल्या त्यात पाठीवर चांदण्या असत्यात ते घे. घरात लक्ष्मी येती म्हणत्यात. माझ्या वळखीचा एकजण देतो आणून."

"पाळायला चालतं ना ते?"

"कोण बघायला येतंय वस्तीवर?"

हे काही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सत्यजितला ते कळलंही होतं. पण पुढं विचारलं तर मनासारखं उत्तर मिळणार नाही, म्हणून त्यानं विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी बुटांच्या खोक्यातून कासव वरवंडला आलं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. झुंबरबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्याचं काय करायचं असतं?"

"काहीच करायचं नसतं आई. तेच तर चांगलं आहे. पाला टाकायचा फक्त."

"बरं," झुंबरबाई म्हणाल्या. मुलानं हौसेनं आणलंय, तर कशाला मोडता घाला, असं त्यांना वाटलं असावं.

सोबत आलेल्या नीलमनं परतीच्या वाटेवर विचारलं, "तुम्ही आईंना विचारलं होतं का, काय हवंय म्हणून?"

"आई काय सांगणार? ती नकोच म्हणते सगळ्याला," सत्यजित म्हणाला आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

पौष लागला. मळ्यात ऊस उभा, त्यामुळं गारठा जास्त. कासव प्लास्टिकच्या टबात फरशीवर असायचं. झुंबरबाई रोज कोथिंबिरीच्या काड्या, मेथीची पानं टाकायच्या. आधी ते थोडं खायचं. मग खाईना. मग त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. झुंबरबाईंनी मुलाला फोन केला. "थंडीत झोपतात ती," तो म्हणाला, कारण मोबाईलवर त्यानं तसंच वाचलं होतं.

पण झुंबरबाईंनी आयुष्यभर जनावरं सांभाळली होती. झोपलेलं कोणतं आणि दुखणाईत कोणतं, एवढं त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कासव जुन्या शालीत गुंडाळलं, पिशवीत ठेवलं, बन्सीला सोबत घेतलं आणि एसटीनं दौंडला जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या.

दुपारी सत्यजितला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी दौंडहून डॉक्टर पूनम बोलते. तुमच्या आई माझ्याकडे आहेत. त्या ठीक आहेत. पण तुम्ही आजच यायला हवं."

तो पोचला तेव्हा कासव दिव्याच्या उबेत ठेवलेलं होतं आणि झुंबरबाई बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या होत्या.

"हे स्टार कासव आहे," त्या म्हणाल्या. "जंगली प्राणी. हे पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा आहे. शिक्षा होऊ शकते. मी वन विभागाला कळवलंय, ते मला कळवावंच लागतं. तुम्ही स्वतः हजर राहून ताब्यात दिलंत तर बरं, म्हणून बोलावलं."

सत्यजितच्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांपुढं नोकरी आली, पोलीस आले, शेजारपाजार आला. "मॅडम, मला माहीत नव्हतं. मी असं करतो, आत्ता घेऊन जातो आणि गावच्या तळ्यात सोडून देतो. विषय मिटला."

"बुडून मरेल ते. हे जमिनीवरचं कासव आहे, पोहणारं नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हे निवडलंत कशासाठी?"

त्यानं सगळं सांगितलं. खंड्या, चक्कर, कमी देखभालीचं आणि जास्त जगणारं जनावर.

"नीट राहिलं तर हे कितीतरी दशकं जगतं, खरंय. पण मग तुमच्या आईंच्या मागं ते कुणाकडं जाणार होतं, ते ठरवलं होतं? आणि कमी देखभाल म्हणता, तर ह्याला ऊब लागते, ऊन लागतं, ठरावीक चारा लागतो. ते ओरडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं त्याला काही लागत नाही. मुक्यानं सोसणाऱ्याला आपण सोयीचं समजतो."

सत्यजित खाली मान घालून ऐकत होता. तेव्हा बाकावरून झुंबरबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"सत्या, तू गाया इकल्यास, मी काय बोलले न्हाई. म्हणलं, पोराला वाटतंय आईला आराम मिळावा. पर खंड्या व्हता तवर त्याच्यापायी तरी सकाळ-सांज भाकरी टाकायची. त्यातली मी खायची. एकटीसाठी तवा कोण ठेवतं रं? हे कासव बिचारं. मी घरात हाय का न्हाई, त्याला सोयर ना सुतक. मला न मागणारं जनावर नको. मागणारं पायजे."

आईचे कष्ट कमी करता करता आपण तिचे दिवसच रिकामे करून टाकले, हे सत्यजितला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही विचारलं नव्हतं. "आई, तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला.

"तू बसतोस कवा बोलायला?"

संध्याकाळी वन विभागाची माणसं आली. कासव तळ्यात सोडून विषय मिटवण्याचा विचार सत्यजितनं सोडून दिला होता. कासव कुठून आलं, कुणी आणून दिलं, ते त्यानं खरंखुरं सांगितलं. जबाब झाला. स्वतःहून दिल्याची नोंद झाली, तरी चौकशी सुटली नाही. पुढं कित्येक महिने त्याला खेटे घालावे लागले. पप्पूनं त्याच्याशी बोलणं टाकलं. कासव मात्र वन विभागाच्या उपचार केंद्रात सावरलं, असं डॉक्टरबाईंनी नंतर कळवलं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना झुंबरबाईंचं लक्ष खिडकीतल्या मांजरीकडं गेलं. करड्या रंगाची, चांगली वाढलेली मांजर. रेल्वे क्वार्टरमधल्या एका कुटुंबाची बदली झाली, तेव्हा ते तिला दवाखान्याच्या पायरीवर ठेवून गेले होते.

"हिला इथं सगळे नकुशी म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "मोठी मांजर कुणी नेत नाही, सगळ्यांना पिल्लू हवं असतं."

"असलं नाव ठेवत्यात व्हय?" झुंबरबाई म्हणाल्या. मांजर त्यांच्या पिशवीचा वास घेत होती. "वय काय हिचं?"

"चार असेल. नीट राहिली तर अजून दहा-बारा वर्षं सहज. नसबंदीचं ऑपरेशन झालंय, लस दिलीय. फिरवायला न्यावं लागत नाही, स्वतःला स्वच्छ ठेवते. पण जेवणाची वेळ टळली तर ऐकून घेत नाही."

"मंजी माझ्या जोडीची हाय." झुंबरबाईंनी मुलाकडं बघितलं. "आन् मीच आधी गेले तर?"

सत्यजितनं तिथूनच नीलमला फोन लावला आणि विचारलं. मग तो आईला म्हणाला, "तर ती आमच्याकडे येईल. नीलम हो म्हणाली."

मांजरीचं नाव हौशी ठेवलं गेलं. पहिले काही दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. झुंबरबाई जमिनीवर बसून तिच्याशी बोलत राहिल्या. मग मात्र तिनं घराचा ताबा घेतला. पहाटे तोंडाशी येऊन ओरडायची, की उठावंच लागे. हौशीसाठी बन्सीकडून दूध येऊ लागलं, दूध आलं म्हणून चहा नीट होऊ लागला, हौशीला वाटीत कालवायला भाकरी लागे म्हणून तवा रोज तापू लागला. खंड्याची जागा तिनं घेतली नाही. तिची जागा वेगळी होती. झुंबरबाईंनी पुढं चार कोंबड्याही आणल्या, तेव्हा सत्यजितनं वयाचा विषय काढला नाही.

तोही बदलला. साप्ताहिक सुट्टीला तो आणि नीलम वरवंडला जाऊ लागले. पाहुण्यासारखं चहा घेऊन निघायचं नाही, जेवून, बोलत बसून मग निघायचं. कंपनीत कुणी विचारलं, की आईवडिलांसाठी घरात कोणता प्राणी आणावा, तर तो एवढंच म्हणतो, "आधी त्यांना विचार. आणि तू त्यांना भेटायला किती वेळा जाणार आहेस, ते त्याआधी ठरव."

वाचकहो, कमी कष्टाचं आणि जास्त जगणारं जनावर शोधण्यात गैर काही नाही. म्हाताऱ्या हातांना झेपेल असंच जनावर हवं, आणि सोबतीचा वियोगही लवकर नको. पण ते रानातून चोरून आणलेलं नसावं, आणि आपल्या मागं त्याला कोण बघणार हे ठरलेलं असावं. मुख्य म्हणजे, माणूस काय किंवा जनावर काय, जे काही मागत नाही त्याला काही लागत नाही, असं समजू नये. आपल्या घरात असं गप्प बसलेलं कुणी असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसावं आणि त्याला काय हवंय ते विचारावं.