खालच्या चौकटीतली माणसे

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे, गुंडाळून उभा केलेला जो जुना कापडी तक्ता आहे, तो मी. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. पण मला हलक्या हाताने उलगडले, तर माझ्यावरचे अजून वाचता येते.

मी छापखान्यातून आलो नाही. इतिहासाच्या बाईंनी मला मनात घडवले आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने कापडावर उतरवले. जगातल्या चार प्राचीन संस्कृती मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवायच्या, अशी बाईंची इच्छा होती. म्हणून माझ्यावर चार उभे रकाने आखले गेले: नाईलकाठचा इजिप्त, दोन नद्यांमधला मेसोपोटेमिया, सिंधूकाठची नगरे आणि चीनमधल्या पिवळ्या नदीचे खोरे. वरच्या चौकटीत राज्यकारभार, मधल्या चौकटीत कला आणि लिपी, खालच्या चौकटीत समाज.

वरची चौकट रंगवताना पेंटर खुशीत होता. लोक ज्याला देव मानत तो इजिप्तचा राजा त्याने रंगवला. मग मेसोपोटेमियातले शहरागणिक निराळे राजे आले. हाडावर प्रश्न कोरून पूर्वजांचा कौल घेणारा चीनचा राजाही आला. सिंधूच्या रकान्यात मात्र बाईंनी राजा काढू दिला नाही.

"तिथे राज्य कोण करायचं, ते अजून कुणालाच नक्की कळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरं झालं, एका मुकुटाचा रंग वाचला!" पेंटर हसला.

पण मुकुट, मंदिरे आणि मुद्रा रंगवता रंगवता माझे कापड भराभर संपत गेले. खालच्या चौकटीला जेमतेम चार बोटे जागा उरली. दगड ओढणारे, कालवे खणणारे, विटा वाहणारे आणि माती ठोकून घट्ट करत तट बांधणारे लोक तिथे यायचे होते. पेंटरने त्यांना मुंगीएवढे काढले आणि तोंडाच्या जागी एकेक ठिपका ठेवून दिला.

माझे खूप कौतुक झाले. दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला पाहायला येत. माझी छाती फुगत असे. खाली काय राहून गेले, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

एके दिवशी बाईंनी वर्गाला विचारले, "चारही रकाने नीट बघा. वेगळं काय आहे आणि सारखं काय आहे?"

कोणी लिपी वेगळी म्हणाले, कोणी राजा वेगळा म्हणाले. मग पुढे आलेल्या दोन दातांची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली. सगळे तिला खारूताई म्हणत. तिचे वडील बांधकामावर विटा वाहत. तिने माझ्या खालच्या कडेवर बोट ठेवले.

"बाई, खालची चौकट चारीकडे सारखीच आहे. ह्यांना कुठेच तोंडं नाहीत."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "अगं, पेंटरकाकांची जागा संपली."

"पण ह्यांच्याच वेळी कशी काय संपली?"

यावर कोणी हसले नाही. बाईंनी खडू खाली ठेवला आणि वाकून माझी खालची चौकट निरखली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बारीक कुंचला आणला आणि खारूताईला म्हणाल्या, "तोंडं तू काढ."

मधल्या सुट्टीत डबा संपवून ती माझ्यापाशी येऊन बसे. कुंचल्याने मला गुदगुल्या होत. तिने एकाला तिरळे केले, एकीला जीभ काढायला लावली. सिंधूच्या रकान्यातल्या एका वीटवाल्याचे डोळे तिने अर्धवट मिटलेले काढले आणि बाईंना सांगितले, "हे माझे बाबा. दुपारी झोप आवरेनाशी झाली की अस्सेच दिसतात!" माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

तीन रकाने पुरे झाले आणि ती यायची थांबली. आठवडा गेला. मग बाई तिच्या घरी जाऊन आल्या. रिकाम्या वर्गात त्या शिपाईमामांना सांगत होत्या, "तिचे बाबा परांचीवरून पडले. कंबर मोडली. आई लाँड्रीत इस्त्रीला जाते. धाकट्या भावाला कोण बघणार? मी म्हटलं, भावाला घेऊन वर्गात येऊ दे. तर तिची आई म्हणाली, 'बाई, तुमचं मन मोठं आहे, पण शाळा काय तुमच्या एकटीची आहे?'"

"मग हेडसरांना विचारायचं ना."

"विचारलं. म्हणाले, आज एक बाळ आलं, उद्या शाळेचं पाळणाघर होईल. मामा, मीच आठवडाभर हात बांधून बसले. आज येईल, उद्या येईल, म्हणत राहिले. तेवढ्यात त्या घराची घडी बसून गेली हो, तिच्यावाचून कुणाचंच भागेना."

पुढे हजेरीतून तिचे नाव कापले गेले. तेव्हा मला जाणवले, की तिचे खरे नाव मला ठाऊकच नव्हते. हजेरी आकड्यांनी व्हायची. ती सतरा नंबर होती. हजारो वर्षांपूर्वीच्या राजांची नावे मात्र माझ्या अंगावर ठसठशीत होती.

उरलेली तोंडे काढायला इतर मुली तयार होत्या. बाई म्हणायच्या, "राहू दे. तिचं काम आहे ते." चिनी रकान्यातली माणसे तशीच राहिली.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी मला मागितले. "शाळेची वस्तू घरी कशी देणार, बाई?" असे उत्तर मिळाले. त्यांनी माझ्या खालच्या कडेवरून बोटे फिरवली आणि त्या गेल्या. नंतर वर्गात प्रोजेक्टर आला आणि मी इथे आलो. शाळेला माझी गरज उरली नव्हती, तरी मी बाईंच्या घरी जाऊ शकलो नाही.

मित्रांनो, कापडाला ओल सोसत नाही. म्हणून मला जपा, असे मी म्हणेन. पण मला जपायला उशीर झाला तरी चालेल. तुमच्या शेजारच्या बाकावरचे कोणी एक दिवस आले नाही, तर मात्र आठवडा जाऊ देऊ नका. त्याच संध्याकाळी जा. दार वाजवा. वही द्या, आणि घरात लहान बाळ असेल, तर घटकाभर त्याला तुम्ही खेळवा.