सैल पट्ट्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या पोटातून एका इंग्रज बाईचा आवाज निघे, आणि तो ऐकून शिरूरची मुलं परदेशातल्या विद्यापीठांची तयारी करत. माझं कौतुक पुष्कळ झालं. पण आज सांगतो ती कौतुकाची गोष्ट नाही.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतं ते दौंड. तिथल्या रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांच्या घरी मी भजनं वाजवत होतो. ते निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी मला शेजारच्या जयसिंग सरांना देऊन टाकलं. सरांनी १९९८ साली शिरूरच्या एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग काढला. टेबलावर मधोमध मला बसवलं. बारा कॅसेटी होत्या. कुठे ग्रंथालयाचं कार्ड मागणारा विद्यार्थी, कुठे वसतिगृहाची खोली, कुठे प्राध्यापकाचं लांबलचक व्याख्यान. मुलं पेन्सिली सरसावून ऐकत आणि उत्तरं लिहीत. पहिल्या तुकड्यांतली सहा मुलं बाहेर गेली आणि तिथे टिकली. सरांनी त्यांचे फोटो भिंतीवर लावले. त्या फोटोंखाली मी मिरवत असे.

माझ्या पोटात मोटरीपासून चाकापर्यंत एक रबरी पट्टा आहे. पत्र्याखालच्या उन्हाळ्यांनी तो सैल पडला. चाक हळू फिरू लागलं, बाई हळू बोलू लागली. हे इतकं सावकाश घडलं, की रोज ऐकणाऱ्या कानांना कळलंच नाही. उलट मुलांची उत्तरं जास्त बरोबर येऊ लागली. सर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "बघा, यंदाची तुकडी कशी तयार झालीय!"

मला तेव्हाच धडकी भरली होती. पण मित्रांनो, माझ्याकडे आवाज होता, माझा स्वतःचा शब्द एकही नव्हता.

२००३ साली प्रगती वर्गात आली. तिचं घर मेंढपाळांचं. आजोबा मल्हारी आबा जन्मभर मेंढरांमागे हिंडले, बाप हनुमंत शेतीत स्थिरावला. प्रगतीला शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांचा अभ्यास करायचा होता आणि इंग्लंडच्या एका विद्यापीठाने तिला जागाही दिली. पण पुण्याच्या परीक्षेत तिचं वाचन-लेखन उत्तम निघालं आणि ऐकणं कच्चं. म्हणून विद्यापीठाने अट घातली. आधी तिथे येऊन दहा आठवडे इंग्रजीचा वर्ग करायचा. शेवटच्या परीक्षेत पास झाली तर जागा पक्की, नाही तर परत घरी.

"पुण्याचा हॉल घुमतो गं. त्यात कुणालाच नीट ऐकू येत नाही," सर म्हणाले. "हा टेप घरी ने आणि दोन महिने घासून तयारी कर."

अशा रीतीने मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर मी वाजे आणि शेजारी आबा लोकर कातायला बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाती थांबवली.

"पोरी, ही बाई दुखणाईत हाय."

प्रगती हसली. "आबा, ती इंग्लंडची हाय. तिकडं अशीच बोलत्यात."

"आगं, बोल कुठलाबी असू दे. दम टिकंना तिचा, शब्द वढत न्हेतीय. मेंढी अशी वरडली आसती तर मी तिला कळपातनं बाजूला काढली आसती."

"मग काढा बाजूला. तुमच्या वाड्यात बांधा!"

दोघंही हसले. मी हसलो नाही. माझ्या जन्मात एकाच माणसाने मला बरोबर ऐकलं होतं आणि त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

प्रगतीने ही गंमत सरांना सांगितली. सर म्हणाले, "आबांना म्हणावं, मेंढरांचं तुम्ही बघा, इंग्रजीचं आम्ही बघतो." तिची चाळीसपैकी अडतीस उत्तरं बरोबर येत होती. मग कोण कशाला शंका घेतो? जुलैत ती विमानात बसली आणि मी पुन्हा वर्गात आलो.

सहाव्या आठवड्यात तिचं पत्र आलं. सरांना पुटपुटत वाचायची सवय, म्हणून मलाही ते ऐकू आलं.

"सर, इथे सगळे पळत बोलतात. मला वाटलं, माझेच कान मंद. काल इथल्या शिक्षिकेने आपलीच कॅसेट लावली. मी तो आवाज ओळखला नाही. ग्रंथालयाच्या कार्डाचं वाक्य आलं तेव्हा कळलं. कॅसेटमधली बाई चिमणीसारखी भरभर बोलते, सर. आपला टेप हळू चालतो. मी चुकीच्या वेगाने तयार झालेय आणि हातात चारच आठवडे आहेत. दुसऱ्या मुलांसाठी तरी पट्टा बदला."

सरांनी पत्राची घडी घातली. त्यांनी मला उघडलं, आत पाहिलं आणि पट्ट्याला बोट लावलं. तो सुतळीसारखा लोंबला. मला वाटलं, आता सुटलो.

त्यांनी झाकण बंद केलं. खाली जिन्यात नव्या तुकडीची पावलं वाजत होती.

चार आठवड्यांनी प्रगती परत आली. ती ऐकण्याच्या परीक्षेत तीन गुणांनी नापास झाली होती. जागा गेली. एसटीतून उतरून ती घरी न जाता थेट वर्गात आली. मी प्राध्यापकाचं व्याख्यान वाजवत होतो आणि चौदा मुलं मान खाली घालून उत्तरं लिहीत होती. पुढच्या बाकावर हर्षदा होती. तिचं परदेशाचं तिकीट निघालं होतं.

"अगं, कधी आलीस? बस ना," सर म्हणाले.

"सर, पट्टा बदलला न्हाई."

"ह्या तुकडीची तयारी होऊ दे. मधेच बदलला तर पोरं बिथरतील."

प्रगतीने माझं बटण दाबून मला थांबवलं. मग सरांच्या टेबलावरची, कॅसेटींतला मजकूर उतरवलेली वही उचलली आणि तेच व्याख्यान तोंडाने वाचू लागली, तिथे बोलतात त्या वेगाने.

चौदा पेन्सिली हलल्या, अडखळल्या, थांबल्या.

"ताई, परत एकदा," हर्षदा म्हणाली. "जरा दमानं."

"तिथं दमानं कुणी बोलत न्हाई गं."

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मित्रांनो, बंद पडलेल्या यंत्राला भिऊ नका. ते निदान खरं सांगतं. बिघडूनही जे चालत राहतं, त्याच्यावर लक्ष ठेवा. ते गोड वाटतं, सोपं वाटतं, आणि तुम्ही हुशार झालात असं तुम्हाला सांगत राहतं. म्हणून आम्हाला अधूनमधून उघडून पाहा. आणि आत काही लोंबताना दिसलं, तर कृपा करून झाकण लावू नका.

हर्षदाच्या कागदावर एकही उत्तर नव्हतं. तिच्या विमानाला एकोणीस दिवस उरले होते.