दहा माणसांचं वाटण

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. रे रोडच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि लालबागच्या चाळीतल्या रखमाबाईंनी विकत घेतलं. त्यांची तळमजल्यावर खाणावळ होती. तीस गिरणी कामगार तिथे दोन वेळा जेवत आणि महिन्याला पंचवीस रुपये देत. त्यांची बायकामुलं कोकणात. रोज सकाळी माझ्यावर तीस माणसांचं वाटण व्हायचं: ओलं खोबरं, मिरच्या, धणे. जेवणारे आमटीची तारीफ करत तेव्हा मी ती थोडी माझीही समजे.

गोष्ट १९५८ सालची. संयुक्त महाराष्ट्राची सभा ऐकून आलेली माणसं ताटावर बसून तीच भाषणं पुन्हा करत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा गुणाजी मोठ्याने वर्तमानपत्र वाची. एप्रिलात त्याने सरकारी जाहिरात वाचली. ज्याचं वर्षाचं उत्पन्न तीन हजारांवर असेल, त्या प्रत्येकाने प्राप्तिकराचं विवरणपत्र भरावं.

"काकी, ह्यां तुमका लागू होतला," गुणाजी म्हणाला. "तीस माणसां, पंचवीस रुपये. वर्साचे नऊ हजार! शेठाणी झालात!"

पंगत हसली. माझ्यावरचा वरवंटा मात्र थांबला. रखमाबाईंना सही येत नव्हती आणि सरकारी कागदाचं त्यांना फार भय. त्यांनी मनात हिशेब केला. दहाच माणसं ठेवली तर बरोबर तीन हजार, त्याच्या वर काही नाही. मग त्या एकेकाला दुसरीकडे सोय बघायला सांगू लागल्या.

सर्वांत नवा होता धोंडू, गिरणीतला बदली कामगार.

"माझां काय चुकलां, काकी?"

"चुकलां नाय रे. दहांत तुझो नंबर लागणा नाय."

धोंडू न जेवताच उठला आणि वरळीला मामाकडे गेला. मे उजाडला. माझ्यावर दहा माणसांचं वाटण पडू लागलं. अर्ध्या नारळाची एक कवड पुरायची.

बुधवारी हेरंब आला. गिरगावात प्राप्तिकराच्या वकिलाकडे तो कारकून. घरी मासळी चालत नाही म्हणून दर बुधवारी तो इथे बांगडा खायला येई.

"काकी, माणसं कुठे गेली?"

रखमाबाईंनी सगळं सांगितलं. हेरंबने जेवण थांबवलं. "तीस माणसांचे महिन्याला साडेसातशे येतात. त्यातले जातात किती? तांदूळ, मासळी, नारळ, कोळसा, भाडं, वाढप्याचा पगार?"

त्या बोटांवर सांगत गेल्या, तो बेरीज करत गेला.

"हातात उरतात एकशे तीस. वर्षाचे पंधराशे साठ. उत्पन्न म्हणजे एवढंच. तुम्हाला काही भरायचं नाही."

"आणि माझी मजुरी? पाट्यार काय तू वाटतंस?"

"ती वजा होत नाही, काकी. हे एकशे तीस म्हणजेच तुमची मजुरी."

"एवढीच? मग सरकार नेतला काय, डोंबल!" कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

"पण तुमच्या नावाने नोटीस आली, तर मात्र गप्प बसू नका. उत्पन्न कमी असलं तरी तेव्हा उत्तर द्यावं लागतं."

गुणाजीने सगळ्यांना बोलावून आणलं. शेठाणी म्हटल्याबद्दल त्याला आठवडाभर माशाचं शेपूट मिळालं. धोंडू तेवढा येईना. तेव्हा रखमाबाई भर दुपारी चूल विझवून स्वतः वरळीला गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्यामागे धोंडू होता, मान खाली घालून.

"हात धू. आणि पुन्हा ताटावरसून उठलंस तर बघ."

पुढे दर एप्रिलात हेरंब माझ्याशेजारी बसून हा हिशेब करी. एकदा रखमाबाईंनी विचारलं, "मगे यंदा पण नाय?"

"नाही, काकी."

"एकदा तरी भरूया रे. सरकाराक कळांदे, रखमा जेवण घालता."

मित्रांनो, नुसता मोठा आकडा ऐकून कुणाचं ताट उचलू नका. आलेले पैसे मोजलेत तसे गेलेलेही मोजा, आणि भीती वाटली तर जाणत्याला विचारा. आज मी गॅलरीत भिंतीलगत पडून आहे. माझ्यावर कुंड्या ठेवतात. माझी तक्रार नाही. फक्त वर्षातून एकदा पाथरवटाकडून मला टाकी लावून घ्या आणि माझ्यावर वाटून बघा. शेजाऱ्यांनाही जेवायला बोलवा. वाटण कमी पडणार नाही.