दोनदा भरलेले काडतूस

मित्रांनो, मला जुना म्हणा, भंगार म्हणा, पण मी इंग्रजी फौजेतला रिव्हॉल्व्हर आहे. दोन लढाया मी पाहिल्या. मग फौजेने मला पेटीत कोंबून अमेरिकेला विकले. माझी आखूड, जाडजूड काडतुसे कुणी करीनासे झाले होते. म्हणून इथल्या व्यापाऱ्याने माझ्या चक्राची मागची बाजू घासून काढली, म्हणजे बाजारातली साधी पिस्तुलाची काडतुसे माझ्यात बसावीत. ती बसतात, पण मला सोसत नाहीत. म्हाताऱ्याला कवळी लावून ऊस खायला द्यावा, तसला हा प्रकार!

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात खाणीतून निवृत्त झालेल्या व्हर्लिनने मला घेतले. त्याला माझे दुखणे ठाऊक होते. नेमबाजीच्या मैदानावर लोकांच्या पायांखालच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तो वेचून आणी, टायरवाल्याकडची चाकांची शिशाची वजने वितळवून गोळ्या ओती, पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांसाठी तीन गावे पालथी घाली. बंदुकीची दारू मात्र चिमूटभरच भरी, माझ्या बेताची. इतक्या मायेने मला फौजेतही कुणी खायला घातले नव्हते.

त्याच्या बायकोचा, ओपलचा, धाकटा भाऊ डेन्झिल गावात न्हावी होता. त्याचा उजवा हात कात्रीवर चाले आणि जीभ दाजींवर. त्याच्या खुर्चीत बसलेले अर्धे गाव व्हर्लिनला हसत असे.

एका दुपारी व्हर्लिन शेडमध्ये पन्नास पुंगळ्या मांडून दारू ओतत होता. चिमूटभर दारू तळाशीच राहते, एकीत दोनदा पडली तरी वर येत नाही, आणि दुप्पट दारू मला पेलणारी नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी तो बॅटरी मारून प्रत्येकीत डोकावे. तेवढ्यात डेन्झिल दारात आला.

"काय दाजी, चिमूट चिमूट मोजून खारीचं औषध करताय?"

"चालता हो, हजामा!"

"चिडता काय? गेल्या रविवारी नेमाच्या डब्याला तुमची गोळी लागली, तर डबा म्हणाला, कोण आहे?"

व्हर्लिनने उठून त्याच्या तोंडावर दार आपटले. परत बसला, तर कुठवर ओतले होते ते आठवेना. अंदाजाने पुढे ओतत गेला, रागारागात गोळ्याही बसवल्या. मग लक्षात आले, बॅटरी मारायची राहिली! त्याने ती सगळी काडतुसे एका डबीत भरली आणि तिच्यावर पेन्सिलने 'फोडायची', म्हणजे गोळ्या उपसून दारू काढायची, असे लिहून ती बाजूला ठेवली.

त्या आठवड्याच्या रविवारी घरामागच्या माळावर सगळे नातेवाईक नेमबाजीला जमले होते. ओपल टेबलावर मक्याची भाकरी मांडत होती.

"दाजी, कान झाकू, की झोप काढू?" डेन्झिल ओरडला. सगळे खो खो हसले.

व्हर्लिनच्या खिशात दोन डब्या होत्या, एक तपासलेली आणि एक पेन्सिलवाली. त्याने पेन्सिलवाली काढली. मित्रांनो, डबीवरचे अक्षर त्याने वाचले, ते मी पाहिले. सहा काडतुसे घालून त्याने मला पुढे केले.

"तूच मार की मग."

तो डबे मांडायला वळताच डेन्झिलने डोळा मिचकावून माझ्यातले एक काडतूस काढले आणि खिशातले दुकानचे जोरदार काडतूस त्या जागी घातले. ते तिसऱ्या बाराला सुटले. मी कळवळलो, पण सोसले. शपथेवर सांगतो, मला साधा तडाही गेला नव्हता. चौथे व्हर्लिनचे होते. माझे चक्र फुटले. डेन्झिलचा अंगठा आणि दोन बोटे गवतात पडली. ओपलने टेबलावरचा कपडा ओढून त्याच्या हाताला गुंडाळला.

इस्पितळात व्हर्लिनने मला कागदात गुंडाळून नेले होते, डॉक्टरांना दाखवायला. तिथे डेन्झिल हुंदके देत म्हणाला, "दाजी, माझीच चूक. तुमचं एक काढून मी माझं घातलं होतं. त्यानंच तडा गेला असणार."

व्हर्लिनने माझ्यावरचा कागद आणखी घट्ट केला.

"तुला अक्कल कधी येणार रे?" तो म्हणाला. घरी येताच पेन्सिलवाली डबी त्याने नदीत फेकली.

आता मी शेडच्या भिंतीवर फुटक्या अंगाने लटकतो. न्हाव्याचे दुकान बंद आहे. मित्रांनो, जुन्या शस्त्राला तेल द्या, पेलेल तेवढेच खायला घाला आणि शंका आलेले काडतूस त्याच दिवशी फोडा. गेल्या रविवारी डेन्झिलने सगळ्यांसमोर व्हर्लिनचे पाय धरले. ओपल रडली. व्हर्लिनने मोठ्या मनाने त्याला माफ केले.